पदकाचा मालक कोण?

छातीवर पदक लावलेला मनुष्य समोर आला म्हणजे आपण त्याला मान देतो. परंतु ती छाती काळाच्या ओघात गेली आणि पदक तेवढे मागे उरले, तर ते कोणाचे होते हे सांगायचे कसे? प्रश्न साधा दिसतो; उत्तर साधे नाही. आम्ही इतिहासाचे पदवीधर नव्हे. आमचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. परंतु कोणत्या कागदावर कोणाचे नाव आहे, आणि कोणाचे नाही, हे तपासण्यातच आमची तीस वर्षे गेली असल्यामुळे या विषयात आम्हांस गोडी वाटली. त्यात जे हाती लागले ते येथे मांडीत आहोत.

निमित्त घडले ते असे. चाकणच्या एका कारखान्यातील आमचा एक तरुण फिटर प्रशिक्षणासाठी काही महिने जर्मनीत राहून आला. तेथील जुन्या बाजारातून त्याने पदकांची एक पट्टी आणली आणि युनियनच्या कचेरीत टेबलावर ठेवली. पट्टी बोटभर लांब, मागे टाचणी, पुढे दोन फिती शेजारी शेजारी शिवलेल्या, आणि प्रत्येक फितीखाली एकेक क्रूस. त्याच आठवड्यात खेड तालुक्यातले एक निवृत्त कामगार रुमालात बांधून एक पितळी रंगाचा तारा घेऊन आले. म्हणाले, "भाऊ, हा आज्याचा आहे खरा, पण आजा फौजेत कुठं होता, काय होता, ते आम्हां कुणाला ठाऊक नाही." दोन्ही वस्तू एकाच महायुद्धातल्या, आणि दोघांचे मालक समोरासमोरच्या बाजूंचे. आम्ही दोन्ही उलटून पाहिल्या. जर्मन पट्टीवर नाव कोठेच नव्हते. ताऱ्याच्या पाठीवर मात्र नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण अशी सर्व अक्षरे ठोकलेली होती. कोणीही म्हणेल की, पहिल्या पट्टीचा मालक सापडणे अशक्य आणि दुसऱ्याचा तर सापडलेलाच आहे. वस्तुस्थिती इतकी सरळ नाही.

प्रथम जर्मन पट्टी घेऊ. १८७१ साली जर्मनी एक साम्राज्य झाले, तरी प्रशिया, बव्हेरिया, सॅक्सनी, वुर्टेम्बर्ग ही राज्ये आपापली पदके देतच राहिली. त्यांतील बहुतेकांवर नाव घालण्याची चाल नव्हती. सर्वांत प्रसिद्ध तो लोखंडी क्रूस. प्रशियाच्या राजाने तो १८१३ साली नेपोलियनविरुद्धच्या युद्धात काढला, आणि १८७०, १९१४ व १९३९ या साली त्याचे पुनरुज्जीवन झाले. प्रत्येक वेळचे साल क्रूसावर असते, म्हणून युद्ध कोणते ते लगेच कळते. फितीवरूनही बोध होतो : काळ्या फितीवर पांढरे पट्टे असले तर तो लढणाऱ्याचा, आणि पांढऱ्यावर काळे असले तर बिनलढाऊ सेवेचा. पट्टीवरील दुसरा क्रूस १९३४ साली सुरू झालेला. पहिल्या महायुद्धात भाग घेतलेल्यांना तो सरसकट मिळाला. आघाडीवर लढलेल्याच्या क्रूसावर तलवारी असतात, इतरांच्या क्रूसावर नसतात. तेव्हा ही पट्टी १९३४ नंतर शिवली गेली, आणि तिचा मालक लढाऊ शिपाई असून निदान तोपर्यंत जिवंत होता, एवढे निश्चित झाले.

नाव नसताना नाव शोधण्याची युक्ती पदकांच्या जुळणीत असते. कारखान्यातला दाखला देतो. एक कामगार अमुक साली फाउंड्रीत होता, नंतर पेंटशॉपमध्ये गेला आणि पुढे टूलरूममध्ये आला, एवढेच ठाऊक आहे. नाव ठाऊक नाही. तीन खात्यांचे तीन हजेरीपट समोर ठेवा आणि तिन्हींत येणारे नाव पाहा. फाउंड्रीत पाचशे असतील, पेंटशॉपमध्ये दोनशे असतील. पण तिन्हींत असणारे दोनचारच निघतील. जर्मन पट्ट्यांचे अभ्यासक हेच करतात. समजा, एका पट्टीवर १९०१ सालचे चीन मोहिमेचे पदक आहे, शेजारी १९०७ सालचे नैर्ऋत्य आफ्रिकेचे पदक आहे (त्या मोहिमेत हेरेरो लोकांचे शिरकाण झाले, हे पदक पाहताना विसरू नये), पुढे लोखंडी क्रूस आहे आणि सॅक्सनीचे एखादे सन्मानचिन्ह आहे. चीनलाही गेलेला, आफ्रिकेलाही गेलेला आणि सॅक्सनीच्या राजाने गौरवलेला असा अधिकारी किती जणांत सापडणार? जर्मन सैन्यात अधिकाऱ्यांच्या छापील याद्या युद्धापूर्वी दरवर्षी निघत, आणि त्यांत नावापुढे सन्मानांच्या खुणा असत. अशा दोनतीन याद्या ताडून पाहिल्या म्हणजे शेकड्यातून दहा उरतात, दहांतून कधी कधी एकच उरतो. पदकांचा क्रमही उपयोगी पडतो. प्रशियाचा मनुष्य आपल्या राज्याची पदके आधी लावी, बव्हेरियाचा आपल्या. पट्टीच्या मागच्या कापडावर शिवणाऱ्या दुकानाची चिठ्ठी चिकटलेली असली तर गावाचाही अंदाज येतो.

परंतु ही युक्ती कोणासाठी चालते, हे ध्यानात घ्यावे. ती अधिकाऱ्यासाठी चालते. कारण छापील यादी अधिकाऱ्यांचीच निघे, आणि तऱ्हेतऱ्हेची पदकेही त्यांनाच मिळत. आमच्या टेबलावरच्या पट्टीवर दोनच क्रूस होते. त्यांपैकी लोखंडी क्रूसाचा दुसरा वर्ग पहिल्या महायुद्धात पन्नास लाखांच्या घरात वाटला गेला, आणि तलवारींचा क्रूस साठ लाखांहून अधिक जणांना मिळाला. लाखो छात्यांवर तीच जोडी होती. त्यातून १९४५ च्या एप्रिलमध्ये पॉट्सडॅमवर विमानहल्ला झाला, तेव्हा प्रशियाच्या सैन्याचे दप्तर जळाले. म्युनिकमधले बव्हेरियाचे दप्तर वाचले. पण ते चाळायला आधी नाव हवे. तात्पर्य, आमच्या फिटरने आणलेल्या पट्टीचा मालक एक सामान्य शिपाई होता आणि तो सापडणार नाही.

आता खेड तालुक्यातला तारा. ब्रिटिशांची चाल वेगळी होती. पहिल्या महायुद्धातील त्यांच्या पदकांवर, मग तो सुभेदार असो की शिपाई, नाव ठोकलेले असे. गोल पदकाच्या कडेवर आणि ताऱ्याच्या पाठीवर ही अक्षरे असतात. इतकेच नव्हे, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने आपल्या स्वतःच्या शिपायांच्या पदकांवर नावे घातली नाहीत, तरी हिंदी सैन्याच्या पदकांवर ती घातली गेली. महाराष्ट्रातील घरांतून पहिल्या महायुद्धाची बहुधा तीन पदके असतात. पहिले म्हणजे १९१४-१५ चा ब्राँझचा तारा. तो १९१५ संपण्यापूर्वी रणक्षेत्रावर पोहोचलेल्यांनाच मिळाला. दुसरे चांदीचे, त्यावर एका बाजूस पंचम जॉर्जचा मुखवटा आणि दुसरीकडे घोडेस्वार. तिसरे विजयपदक, सोनेरी मुलाम्याचे, पंख असलेल्या देवतेचे, त्याची फीत इंद्रधनुष्याच्या रंगांची. ज्याला तारा मिळाला त्याला बाकीची दोन मिळालीच. नुसती शेवटची दोनच असली तर तो शिपाई १९१६ किंवा त्यानंतर गेला असावा, किंवा तारा हरवला असावा.

येथे कामगारांनी लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट आहे. दुसरे पदक शिपायाला चांदीचे मिळे. पण हिंदी, चिनी व माल्टाच्या मजूर तुकड्यांना तेच पदक ब्राँझचे दिले गेले. ठसा तोच, फीत तीच, धातू मात्र हलका. तेव्हा घरात ब्राँझचे पदक निघाले तर ते खोटे समजून टाकू नये; ज्याने रस्ते बांधले आणि बोजे वाहिले त्याचे ते आहे.

ताऱ्यावर पलटण होती ११० वी मराठा. १९२२ साली मराठा पलटणींची फेररचना होऊन ११० वी ही पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण झाली. म्हणून जुना आकडा दिसला की पदक त्याआधीच्या सेवेचे, हे ओळखावे. ही ११० वी पलटण, तसेच १०३ वी आणि ११७ वी, सहाव्या डिव्हिजनमध्ये होत्या, आणि त्या डिव्हिजनचे नावच पुणे डिव्हिजन असे होते. १९१४ च्या नोव्हेंबरात ती बसऱ्यास उतरली, बगदादच्या रोखाने चढत गेली, मागे हटली आणि कूत येथे वेढली गेली. २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने टेकीस येऊन कूतच्या सुमारे १३ हजार लोकांनी शरणागती दिली. पुढे कैदेत त्यांतील हजारो मेले. आमच्या स्नेह्यांचे आजोबा त्या वेढ्यात होते की आधीच जखमी होऊन परतले होते, हे तारा सांगत नाही. परंतु ते मेसोपोटेमियात गेले होते, एवढे तारा सांगतो. घरात म्हातारी "बसऱ्याची लढाई" म्हणे, तिचा अर्थ नातवाला त्या दिवशी लागला.

मग नाव असताना अडचण कसली? अडचण ही की, नाव म्हणजे ओळख नव्हे. इंग्रजी कारकुनाने कानाला ऐकू आले तसे नाव लिहिले. बापाचे नाव नाही, गाव नाही, तालुका नाही. मावळात आणि खेडात त्या नावाचे आणि त्या आडनावाचे किती तरी निघतील. शौर्यपदक असते तर सरकारी राजपत्रात नाव छापले गेले असते. मोहिमेच्या पदकाची तशी जाहिरात होत नसे. आम्ही राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची यादी पाहिली. ती कोणालाही पाहता येते, आणि तीत कित्येक हिंदी शिपायांच्या नावापुढे बापाचे नाव, गाव आणि जिल्हा दिलेला आहे. आमचे नाव तेथे नव्हते. असणारही नाही, कारण ती यादी मृतांची आहे आणि आजोबा तर परत आले, शेती केली, मुलांची लग्ने केली. जो मेला त्याचे गाव दप्तरात आहे. जो जगला त्याचे हाती लागत नाही!

मेलेल्यांनाही पुरता न्याय मिळाला असे मात्र कोणी समजू नये. बसऱ्याच्या स्मारकाचे उद्घाटन १९२९ साली झाले. त्यावर ब्रिटिशांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली. सामान्य हिंदी शिपायांचा पलटणीखाली केवळ आकडा दिला. २०२१ साली त्याच आयोगाने अहवाल काढून आपल्या पूर्वसुरींचा हा भेदभाव कबूल केला. आपल्या गावांतूनही तेच दिसते. पश्चिम महाराष्ट्रातील कित्येक गावांच्या चावडीवर संगमरवरी पाटी आहे : या गावातून महायुद्धास इतके लोक गेले, पैकी इतके कामी आले. आकडे आहेत, नावे नाहीत. उलट पंजाबात त्या काळी गावोगावच्या शिपायांची नावनिशी वह्यांत उतरवून ठेवली गेली. लाहोरच्या संग्रहालयातील त्या वह्यांतून सुमारे ३ लाख २० हजार जणांची नोंद मिळून ती २०२१ पासून लोकांसाठी खुली होऊ लागली. नोंद ठेवली तर शंभर वर्षांनीही माणूस सापडतो, याचा हा पुरावा.

आमच्या स्नेह्यांच्या घरी पुढे काय झाले? तीन पदके तीन भावांच्या वाटणीत गेली होती. तारा यांच्याकडे आला, विजयपदक धाकट्याकडे होते, आणि चांदीचे मधल्याने एका अडचणीच्या वर्षी सोनाराकडे मोडीत घातले होते. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पोटाला हवे होते. धाकट्याकडचे पदक मागवून कड भिंगाखाली धरली. तोच नंबर, तेच नाव, तीच पलटण. दोन तुकडे एकमेकांचे साक्षीदार झाले. फौजेतून सुटल्याचा कागद वाळवीने खाल्लेला होता. त्यावर बापाचे नाव, गाव आणि तालुका असतो, तो असता तर काम संपले असते. तरीही आता दोघा भावांनी दोन्ही पदके एका चौकटीत लावून मागे स्वतःच्या अक्षरांत आजोबांचे पूर्ण नाव आणि गाव लिहिले आहे. त्यांच्या नातवाला आमच्यासारखी पायपीट पडणार नाही.

वाचकांपैकी कोणाच्या घरी अशी पदके असतील, तर चार गोष्टी कराव्यात. पदके चिंचेने अगर पावडरीने घासू नयेत. घासून घासून कडेवरचे नाव पुसते. जोडी फोडू नये, जुनी फीत आणि टाचणी बदलू नये. क्रम आणि शिवण हाही पुरावा असतो. कडेवरचा मजकूर, समजला नाही तरी, अक्षरशः उतरवून घ्यावा. आणि घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसून त्याला जे आठवते ते आजच लिहून काढावे.

आम्ही हे इतक्या आग्रहाने सांगतो याचे कारण आमच्या रोजच्या कामात आहे. बारा वर्षे एकाच मशीनवर उभा राहिलेला मनुष्य ग्रॅच्युइटी मागायला येतो आणि त्याचे नाव कंपनीच्या मस्टरवर नसते. ते एका ठेकेदाराच्या वहीत असते, आणि तो ठेकेदार दुकान बंद करून गेलेला असतो. मग आम्ही जुने गेटपास, पगाराच्या चिठ्ठ्या, विम्याचे कार्ड असे तुकडे जमवून तोच नंबर आणि तेच नाव जुळवीत बसतो. कधी जुळते, कधी जुळत नाही. ज्यांचे जुळले नाही त्यांची तोंडे आमच्या डोळ्यांपुढे आहेत. म्हणून आमच्या सभासदांना आम्ही एवढेच सांगतो : पहिल्या दिवसाचा गेटपास टाकू नका, आणि आपले नाव कोणत्या वहीत लिहिले जाते हे त्याच दिवशी विचारून घ्या.

ती जर्मन पट्टी अजून आमच्या कचेरीच्या कपाटात आहे. तिच्या चिठ्ठीवर आम्ही लिहिले आहे : लढाऊ शिपाई, १९३४ साली हयात, नाव माहीत नाही.