तांबे एकवटते कसे?

बालाघाट जिल्ह्यातली मलाजखंडची तांब्याची खाण आपल्या गोंदियापासून फार लांब नाही. तिथला खडक ग्रॅनाइट. खरे तर ग्रॅनाइटपेक्षा सह्याद्रीच्या काळ्या बेसाल्टमध्ये तांबे जास्त असते. मग खाण सह्याद्रीत का नाही?

तांबे किती आहे यापेक्षा ते किती एकवटले आहे, हे महत्त्वाचे. भूकवचात तांब्याचे सरासरी प्रमाण टनामागे ५०-६० ग्रॅम. खाण परवडायची तर सहसा टनामागे काही किलो लागते. हे गोळा करण्याचे काम मुख्यतः गरम पाणी करते. जमिनीखाली शिलारस थंड होताना त्यातून शेकडो अंश तापलेले खारट पाणी सुटते. त्यातल्या क्लोराइडमुळे तांबे विरघळते. भेगांतून वर येताना पाणी निवते, दाब उतरतो आणि तांबे, लोह व गंधक एकत्र येऊन चाल्कोपायराइट हे खनिज गारेच्या शिरांमध्ये बसते. सह्याद्रीत असे मोठे साठे झाले नाहीत. तांबे लाव्हाच्या थरांत विखुरलेलेच राहिले.

चाल्कोपायराइटचा खडा पितळेसारखा चमकतो, सोनेच वाटावे असा. कपाच्या बुडाच्या खरखरीत कडेवर तो घासला की हिरवट काळी रेघ उमटते. सोन्याची रेघ पिवळीच राहते. या खनिजात सुमारे ३५ टक्के तांबे असते.

पुढचे काम पावसाचे. पावसाच्या पाण्यातला ऑक्सिजन वरच्या थरातल्या चाल्कोपायराइटला गंजवतो आणि तांब्याचे सल्फेट तयार होते. द्राक्षबागायतदार फवारणीच्या बोर्डो मिश्रणात वापरतात ते मोरचूद हेच. ते पाण्याबरोबर खाली झिरपते. वाटेत कार्बोनेट भेटले तर हिरवे मॅलाकाइट किंवा गडद निळे अझुराइट तयार होते. भूजलपातळीखाली, जिथे ऑक्सिजन जवळपास नसतो, तिथे करडे-काळे चाल्कोसाइट बनते आणि त्यात जवळजवळ ८० टक्के तांबे असते. चिलीच्या अटाकामा वाळवंटातल्या एस्कोंडिडा खाणीची श्रीमंती अशाच थरांतून आली.

हा सारा खटाटोप लाखो वर्षांचा. भंगारातले तांबे वितळवून पुन्हा वापरले तरी त्याचा कस उतरत नाही. म्हणून जुनी वायर किंवा जळालेल्या मोटारीचे वाइंडिंग कचऱ्यात टाकू नका, भंगारवाल्याला द्या. कचऱ्यात गेलेले तांबे पुन्हा विखुरते, आणि विखुरलेल्या तांब्याची खाण होत नाही.