डॅन्यूबपलीकडून आलेले गॉथ

रोमचं साम्राज्य रानटी टोळ्यांनी बुडवलं, असं आपण शाळेत एका ओळीत शिकून मोकळे होतो. या जर्मेनिक टोळ्यांपैकी गॉथांची हकीकत मुळातून वाचली, की ती ओळ टिकत नाही. गॉथ रोमच्या दारात आले ते आधी आसरा मागायला.

इ. स. ३७६. पूर्वेकडून हूण चालून आले आणि काळ्या समुद्राच्या उत्तरेचे गॉथ बायकापोरांसह डॅन्यूबच्या काठाशी येऊन थांबले. सम्राट व्हॅलेन्सला फौजेसाठी माणसं हवीच होती; त्यानं नदी ओलांडायला परवानगी दिली. नदी पावसानं फुगलेली. होड्या, तराफे, कोरलेले ओंडके, मिळेल त्यावर लोक निघाले आणि कित्येक बुडाले. अलीकडच्या काठावर लुपिसिनस आणि मॅक्सिमस या रोमन अधिकाऱ्यांनी भुकेचा बाजार मांडला होता. एका कुत्र्याच्या मांसासाठी एक माणूस गुलाम म्हणून द्यायचा! गॉथ सरदारांची मुलंही त्यात गेली. हे लिहून ठेवणारा अमियानस मार्सेलिनस स्वतः रोमन फौजेतला जुना अधिकारी, गॉथांचा कैवारी मुळीच नव्हे. म्हणूनच त्याची साक्ष मला फार मोलाची वाटते.

मग बंड पेटलं. ९ ऑगस्ट ३७८ रोजी आड्रियानोपलजवळ, म्हणजे तुर्कस्तानातल्या आजच्या एदिर्नेपाशी, व्हॅलेन्सच्या फौजेचा जवळजवळ दोन-तृतीयांश भाग कापला गेला. खुद्द सम्राट पडला. त्याचं प्रेतही मिळालं नाही.

४१० साली रोम लुटणारा गॉथांचा राजा अलारिकही आधी रोमच्याच बाजूनं लढलेला. त्याच्या मागण्या काय, तर जमीन, धान्य आणि सैन्यात मानाचं पद. त्यातच ४०८ मध्ये रोमच्या चाकरीतल्या परकीय सैनिकांच्या बायकामुलांची इटलीतल्या शहरांत कत्तल झाली आणि ते हजारो सैनिक अलारिकला जाऊन मिळाले. लूट तीन दिवस चालली, पण पीटर आणि पॉल यांच्या चर्चमध्ये शिरलेल्यांना हात लावायचा नाही, असा अलारिकचा हुकूम होता. गॉथ तोवर ख्रिस्ती झाले होते.

यामागे वुल्फिला नावाच्या बिशपचं मोठं काम होतं. त्याचे पूर्वज गॉथांनी आशिया मायनरमधून धरून नेलेले कैदी. चौथ्या शतकात त्यानं मुख्यतः ग्रीक अक्षरांवरून गॉथिक लिपी तयार केली आणि बायबल त्या भाषेत आणलं. त्यातली राजांच्या लढायांची पुस्तकं मात्र त्यानं वगळली, असं एक जुना इतिहासकार सांगतो. या लोकांना युद्धाची गोडी आधीच फार, म्हणून.

गॉथांची राज्यं गेली. स्पेनमधलं शेवटचं ७११ मध्ये कोसळलं. वुल्फिलाच्या भाषांतराची एक प्रत मात्र उरली आहे. सहाव्या शतकाच्या सुरुवातीला, बहुधा थिओडोरिक या गॉथ राजाच्या इटलीत, जांभळ्या रंगवलेल्या चर्मपत्रावर चांदीच्या आणि सोन्याच्या शाईनं ती लिहिली गेली. १६४८ साली स्वीडिश फौजेनं प्राग लुटलं तेव्हा ती उत्तरेला गेली, आणि आज उप्साला विद्यापीठात आहे. मूळ ३३६ पानांपैकी १८८ शिल्लक आहेत. त्यातलं एक १९७० मध्ये जर्मनीतल्या स्पायरच्या कॅथेड्रलमध्ये सापडलं.

जर्मेनिक भाषांतला इतका जुना आणि इतका मोठा मजकूर दुसरा नाही. विल्यम जोन्सनं १७८६ साली कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून आल्या असाव्यात असं मांडलं, तेव्हा गॉथिकही त्याच गोतावळ्यातली असावी असं तो म्हणाला. पुढे फ्रांझ बॉप आणि याकोब ग्रिम यांनी भाषांची तुलना शास्त्र म्हणून उभी केली, तीही वुल्फिलाच्या गॉथिकचा आधार घेऊनच.