गिरणीतला धागा, ताटातला घास

मुंबईतील नामांकित हॉटेलांचे कौतुक इंग्रजी वर्तमानपत्रांच्या रंगीत पुरवण्यांतून सतत चाललेले असते. महालक्ष्मीचे 'मास्क' हे त्यातले अग्रगण्य नाव. २०१६ साली लक्ष्मी वूलन मिलच्या आवारात ते सुरू झाले. २०२३ साली आशियातील पन्नास उत्कृष्ट उपाहारगृहांच्या यादीत ते सोळावे आणि भारतात पहिले आले. येथे आचारी ठरवील तेच खायचे. दहाएक पदार्थ, एकामागून एक, प्रत्येकी घास-दोन घास. माणशी बिल हजारांत. त्याआधी २०१५ साली लोअर परळला कमला मिलच्या आवारात 'बॉम्बे कॅन्टीन' उघडले. देशी पदार्थांना नवा साज चढवण्याबद्दल त्याचे नाव झाले.

आमचा या हॉटेलांशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध त्यांच्या पत्त्यातच आहे.

गिरणगावात आमच्या आज्या-आजोबांनी आयुष्ये काढली. परंतु विणकाम खात्याचे दार त्यांना बंद होते. तेथे धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याची लाळ लागलेला धागा सवर्ण कामगाराला चालत नसे. विणकाम खात्यात पगार जास्त, म्हणून बंदीही तिथेच! आमची माणसे कमी पगाराच्या रिंग खात्यात राहिली. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला होता. दहा वर्षांनी मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू त्यांनी सांगितले, त्यामागे हाच अनुभव होता.

पुढे १८ जानेवारी १९८२ चा संप आला आणि अडीच लाख कामगारांची वाताहत झाली. १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा काही हिस्सा घरांसाठी आणि मोकळ्या जागांसाठी मिळायचा होता. २००१ च्या दुरुस्तीने तो हिस्सा फक्त रिकाम्या जमिनीपुरता आक्रसला आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयात मालकांचीच बाजू उचलून धरली गेली. मग जुनी छपरे आणि लोखंडी खांब तेवढे शोभेला ठेवून आत टेबले मांडली गेली. एका इंदू मिलच्या साडेबारा एकरांसाठी आपल्या समाजाला किती वर्षे रस्त्यावर यावे लागले ते वाचक जाणतातच.

संविधानाच्या अनुच्छेद १५ (२) ने उपाहारगृहांची आणि हॉटेलांची दारे सर्वांना उघडी केली. ज्या देशात चहाच्या टपरीवर आमच्यासाठी वेगळा कप खिळ्याला टांगलेला असे, तेथे ही क्रांतीच होती. आज या हॉटेलांच्या दारावर जातीची पाटी नाही. दरपत्रक पुरेसे आहे. तरीही आमचा खरा आक्षेप दराबद्दल नाही. श्रीमंताने आपला पैसा कशावर उडवावा हा त्याचा प्रश्न. आमचा प्रश्न ताटात काय आहे आणि ते कोणाच्या नावावर आहे, हा आहे.

लंडनमध्ये १९९४ साली फर्गस हेंडरसन यांनी 'सेंट जॉन' नावाचे हॉटेल काढले. जनावराचे नाकापासून शेपटीपर्यंत काहीही वाया घालवू नये, हा त्यांचा विचार. त्यातून जगभरच्या खवय्यांत मोठी चळवळ उभी राहिली आणि २००९ साली हॉटेलला मिशेलिन तारा मिळाला. वाचून आम्हाला हसू आले. वजडी, मुंडी, पाय, रक्ती, उन्हात वाळवलेल्या चान्या यांवर महारवाड्याने आणि मांगवाड्याने किती पिढ्या काढल्या! कोणी तारा दिला नाही, उलट त्याच अन्नावरून आम्हाला हीन ठरवले. मराठवाड्यातल्या या स्वयंपाकाची नोंद शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात २०१५ साली केली. तेल मोजून टाकणारी, तूप क्वचितच पाहिलेली चूल त्यात आहे. २०२४ साली ते इंग्रजीत गेले, आणि इंग्रजी पुरवण्यांना 'दलित किचन' हा शब्द सापडला.

त्याच २०१५ साली महाराष्ट्रात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवर बंदी आली, पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद झाली. गोहत्याबंदी १९७६ पासून होतीच. म्हैस कायद्यातून सुटली, त्यामुळे मोठ्या हॉटेलातल्या स्टेकची सोय राहिली. गरिबाच्या घरातले स्वस्त मांस मात्र गुन्हा झाले.

भाकरीचेही पाहा. ज्वारी, नाचणी, राळे हे गरिबाचे धान्य. रेशनचा गहू-तांदूळ आल्यावर आमच्यातल्याही अनेकांनी ते मागे टाकले, कारण ती भाकरी गरिबीची खूण होती. २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले आणि नाचणी काचेच्या बशीत आली. येऊ द्या. परदेशी नक्कल सोडून या आचाऱ्यांनी देशी धान्याला मान दिला, हे चांगलेच झाले. ते आम्ही मोकळेपणाने म्हणतो. परंतु मेन्यूवर 'आजीची पाककृती', 'विस्मृतीतले अन्न' असे लिहितात तेव्हा ती आजी कोणत्या वस्तीतली हे का लिहीत नाहीत? कोकणी, सारस्वत, पाठारे प्रभू, पारशी अशी नावे ताटांना बिनदिक्कत लागतात. आमच्या ताटाला नाव लावायची वेळ आली की ते एकदम 'ग्रामीण' होते!

गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायांसाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. त्या बायांना सावकाराच्या तावडीतून सोडवणे हे पहिले काम होते. हाताला चव होती, भांडवल नव्हते. आज आमच्या मुलांची अडचण फार वेगळी नाही. दादरच्या सरकारी केटरिंग कॉलेजात, म्हणजे चैत्यभूमीच्याच परिसरात, त्यांना राखीव जागा मिळतात, तिथून ती पदवी घेऊन बाहेर पडतात. पुढचे सारे क्षेत्र खासगी, तिथे आरक्षण नाही. मुलाखतीत आडनाव विचारले जाते, घरी काय शिजते तेही विचारले जाते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आमची मुले आता ताठ मानेने देतात. दुसऱ्या प्रश्नाला त्यांनी 'वजडी' म्हणावे, आणि समोरच्याने ती कशी करतात तेवढेच विचारावे.