हुशारीचा शिक्का

'ढ' म्हणून हिणवल्या गेलेल्या मुलाचे काय होते, हे शिक्षकांना सांगायला नको. 'हुशार' म्हणून गौरवल्या गेलेल्या मुलाचे काय होते, याकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही. शिष्यवृत्तीच्या यादीत नाव आले, फळ्यावर अभिनंदन लिहून झाले, की त्या मुलाची काळजी मिटली असे आपण धरून चालतो.

या प्रश्नावर प्रकाश टाकणारा एक फार लांबलेला अभ्यास आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी १९२१ मध्ये तो सुरू केला. कॅलिफोर्नियातील शाळांमधून, बुद्ध्यंक साधारणपणे १४० च्या पुढे असलेली दीड हजारांहून अधिक मुले त्यांनी निवडली आणि आयुष्यभर त्यांचा मागोवा घ्यायचे ठरवले. टर्मन १९५६ मध्ये वारले, तरी काम चालूच राहिले. मुले मोठी झाली, बहुतेकांचे चांगले चालले. पण नोबेल पारितोषिक त्यांपैकी कोणालाही मिळाले नाही. गंमत अशी, की चाचणीत कमी पडल्यामुळे ज्यांना वगळले होते त्यांत विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ हे दोघे होते. त्यांना अनुक्रमे १९५६ आणि १९६८ मध्ये पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळाले!

आमच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट १९९९ मध्ये पुढे आली. कॅरोल आणि चार्ल्स हॉलहान यांनी, या गटातली माणसे ऐंशीच्या घरात पोचल्यावर, एक साधा प्रश्न तपासला: आपली निवड 'प्रज्ञावान' म्हणून झाली आहे, हे कोणाला कोणत्या वयात कळले? ज्यांना ते लहानपणीच कळले होते, त्यांना मध्यम वयात 'आपण आपल्या बुद्धीला न्याय दिला' असे वाटण्याचे प्रमाण कमी होते. आणि ज्यांना तसे वाटत नव्हते, त्यांचे मानसिक स्वास्थ्य ऐंशीव्या वर्षीही तुलनेने कमी होते. हा केवळ परस्परसंबंध आहे, कार्यकारणभाव नव्हे. लवकर सांगणारे पालक मुळात वेगळ्या स्वभावाचे असू शकतील. तरीही सत्तर वर्षे पुरणारे ओझे म्हणजे काय, याचा विचार करावा.

ओझे कसे तयार होते? एक कारण निव्वळ गणिती आहे. कोणत्याही परीक्षेतील गुणांत मुलाच्या क्षमतेबरोबर त्या दिवसाच्या योगायोगाचाही वाटा असतो: नेमका वाचलेला प्रश्न आला, झोप चांगली झाली होती. शंभरांतून वरची पाच मुले निवडली, तर त्यांत नशिबाने साथ दिलेली मुले जरा जास्त असणारच. पुढच्या परीक्षेत ती साथ तशीच मिळेल असे नाही, म्हणून त्या पाचांचे सरासरी गुण थोडे खाली येतात. याला सांख्यिकीत 'सरासरीकडे झुकणे' म्हणतात. यात मुलाचा आळस नाही, गर्वही नाही. घरी आणि शाळेत मात्र 'डोक्यात हवा गेली' असा निकाल लागतो. मूल बिचारे नसलेला अपराध स्वतःमध्ये शोधू लागते.

दुसरे कारण कौतुकाच्या शब्दांत आहे. क्लॉडिया म्युलर व कॅरोल ड्वेक यांचे प्रयोग १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. पाचवीतील मुलांना कोडी सोडवायला दिली. नंतर काहींना 'तू हुशार आहेस' असे म्हटले, काहींना 'तू मेहनत घेतलीस' असे. मग मुद्दाम अवघड कोडी दिली, त्यांत सगळेच अडखळले. पुन्हा पहिल्यासारखी सोपी कोडी दिल्यावर 'हुशार' मुलांची कामगिरी सुरुवातीपेक्षा घसरली होती. दुसऱ्या शाळेतील अनोळखी मुलांसाठी आपले गुण कागदावर लिहायला सांगितले, तेव्हा त्यांच्यापैकी सुमारे ३८ टक्के मुलांनी ते वाढवून लिहिले. मेहनतीचे कौतुक झालेल्यांत हे प्रमाण सुमारे १३ टक्के होते. या प्रयोगांवरून पुढे मोठमोठे दावे झाले, आणि मोठ्या चाचण्यांत परिणाम बराच लहान निघाला. तेव्हा शब्द बदलला की मूल बदलते, असे मानू नये. पण ते ३८ टक्के आम्हाला ओळखीचे वाटतात.

आमच्या प्रयोगशाळेत पीएच.डी.साठी येणारे विद्यार्थी बहुधा शाळेपासून पहिले आलेले असतात. उत्तर माहीत नसलेला प्रश्न त्यांच्यासमोर इथे पहिल्यांदा येतो, तोही पंचविशीत. शाळेत आठवड्यातून एखादा तास तरी वर्गातल्या पहिल्या मुलाला न सुटणारे उदाहरण मिळावे, आणि ते सुटले नाही म्हणून कोणी दचकू नये, असे आम्हाला त्यामुळेच वाटते.

असाच एक विद्यार्थी फसलेले प्रयोग वहीत लिहीतच नसे. चार महिन्यांनी ते आमच्या लक्षात आले. आम्ही त्याला आठवेल तेवढे लिहून काढायला बसवले. आकडे बरेचसे आठवले, तारखा आठवल्या नाहीत. त्यामुळे ते प्रयोग पावसाळी हवेमुळे फसले की द्रावण जुने झाल्यामुळे, हे आम्हाला आजही सांगता येत नाही.