बियाण्यावाचून पेरणी

कुंडलिकेकाठच्या जुन्या जालन्यातील माणसाला बियाण्याची महती सांगावयास नको. १९६४ साली बद्रिनारायण बारवाले यांनी येथे ‘महिको’ स्थापन केली आणि या गावाचे नाव बियाण्याशी कायमचे जोडले गेले. अशा गावी, मातीवाचून व बियाण्यावाचूनही वनस्पतीचे पीक घेता येते, असे कोणी म्हटले तर ते थट्टेवारी जावयाचे. परंतु वनस्पतीची सुटी पेशी योग्य पोषण मिळाल्यास वाढू शकेल, हा विचार ऑस्ट्रियाचे हाबरलांट यांनी १९०२ सालीच मांडला होता.

या विचाराची कसोटी सह्याद्रीतील ‘नरक्या’ या झाडापाशी लागते. नंदुरबार येथे जन्मलेले मनसुख वाणी व त्यांचे अमेरिकन सहकारी वॉल यांनी १९६६ मध्ये एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगविरोधी द्रव्य वेगळे केले. १९७२ मध्ये तेच नरक्यात आढळले. त्यापासून सिद्ध केलेल्या दोन औषधांना १९९६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि इकडे नरक्यावर कुऱ्हाड चालू लागली. खोड आणि मुळे दोन्ही उपयोगी. तेव्हा झाड जाते ते मुळासकट.

मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी नरक्याच्या पेशी साखर, क्षार व संप्रेरके यांच्या द्रवात वाढवून त्यांत हे द्रव्य तयार होते, हे दाखविले. अडचण आहे ती प्रमाणाची. काचपात्रातील पेशी झपाट्याने वाढतात, पण द्रव्य देताना हात आखडतात. अशी द्रव्ये बहुधा वनस्पतीची शत्रूविरुद्धची शस्त्रे असतात. काचपात्रात ना कीड, ना बुरशी. सुखवस्तू पेशी आळसावते, म्हणा ना! म्हणून द्रवात यीस्टचा अर्क घालून तिला शत्रूचा भास करून देण्याचीही युक्ती योजतात.

हे अशक्य कोटीतील नव्हे. १९८३ मध्ये जपानने पेशींपासून शिकोनिन हे औषधी रंगद्रव्य बाजारात आणले (त्याची ख्याती मात्र ओठांच्या लालीमुळे झाली!). वाणी यांचेच दुसरे औषध, टॅक्सॉल, आज यू वृक्षाच्या पेशी मोठाल्या टाक्यांत वाढवून बनविले जाते. कॅम्प्टोथेसिन मात्र अद्याप मुख्यतः झाडांपासूनच मिळते. शासनाने या संशोधनासाठी दीर्घकाळ पैसा पुरविला पाहिजे. दोन-तीन वर्षांच्या अनुदानावर अशी कामे तडीस जात नाहीत.

तोवर लागवडीवाचून गत्यंतर नाही. रोपे सह्याद्रीच्या पावसातच वाढतील हे खरे. परंतु बी निवडणे, जपणे, त्याची उगवण तपासणे ही विद्या जालन्याला परकी नाही.