ओढू नका, वाफ करा!

फोन सवयीने डाव्या कानाला लावायचा आणि नीट ऐकू येईना म्हणून उजव्या कानाकडे न्यायचा. घरचे म्हणतात, मळ साचला असेल. बहुतेक वेळा तसंच असतं. क्वचित मात्र कारण खूप आत, कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेवर असतं: एक गाठ. डॉक्टर त्या गाठीला ‘अकूस्टिक न्यूरोमा’ म्हणतात. ती कर्करोगाची नसते, वाढतेही बहुधा सावकाश. नाव ऐकण्याच्या नसेचं असलं, तरी ती उगवते शेजारच्या, तोल सांभाळणाऱ्या नसेच्या वेष्टनातून.

खरी अडचण जागेची. कवटीच्या हाडातल्या ज्या चिंचोळ्या बोगद्यातून या नसा जातात, त्यातूनच चेहरा हलवणारी नसही जाते. गाठ फुगली की ही बिचारी तिच्या अंगावर ताणली जाते, कधी कधी फितीसारखी पातळ होते. गाठ चिमट्याने ओढली की तीही ओढली जाते. मग गाठ जाते, पण डोळा मिटत नाही, तोंड वाकडं होतं.

लेसरचा उपयोग इथे. कार्बन डायऑक्साइड लेसरचा किरण पाणी चटकन शोषून घेतं आणि पेशींत मुख्यतः पाणीच असतं. त्यामुळे गाठ न ओढता तिचा थरामागून थर वाफ करून उडवता येतो. गंमत म्हणजे बचावही पाण्यानेच होतो: आसपासच्या नाजूक भागावर सलाइनमध्ये भिजवलेली कापसाची पट्टी ठेवली की किरण तिथेच अडतो. हा लेसर १९६४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये तयार केला कुमार पटेल यांनी. जन्म बारामतीचा, इंजिनिअरिंग पुण्यातलं! साध्या काचतंतूतून हा किरण जात नाही, म्हणून आधी आरसे बसवलेला सांधेदार दांडा वापरावा लागे. पुढे पोकळ, लवचीक तंतू आले.

पण ‘लेसर’ म्हणजे बिनटाक्याचं ऑपरेशन, ही समजूत इथे चालत नाही. कवटीचं हाड कोरावंच लागतं. नसेला चिकटलेला शेवटचा पापुद्रा सोडवताना भरवसा असतो तो सर्जनच्या हातावर, सूक्ष्मदर्शकावर आणि नसेला धक्का लागताच आवाज करणाऱ्या मॉनिटरवर. अल्ट्रासाउंडने गाठ फोडून शोषून घेणारं यंत्रही आहेच. लेसर नाही म्हणून हॉस्पिटल बदलायची गरज नाही. ‘गॅमा नाइफ’ हे प्रकरण तर वेगळंच, तो किरणोपचार. त्यात ना लेसर, ना सुरी.

गेलेलं ऐकणं लेसर परत आणत नाही. तेव्हा एकाच कानाने कमी ऐकू येत असेल किंवा एकाच कानात सतत गुणगुण होत असेल, तर थेंब टाकत बसू नका. आधी श्रवणचाचणी करा आणि डॉक्टरांनी सांगितला तर एमआरआय टाळू नका.