संगणकाचा बायोस बदलण्यापूर्वी

शाळेतल्या संगणकाचं बटण दाबलं, की आधी कंपनीचं चिन्ह उमटतं आणि मग विंडोज सुरू होते. या मधल्या चार-दोन क्षणांत मेमरी जागेवर आहे का, डिस्क कोणती, याची पाहणी होऊन जाते. ही पाहणी करून पुढचा कारभार विंडोजच्या हाती सोपवणारी छोटी आज्ञावली मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये मुक्कामाला असते. तिला बायोस म्हणतात. आजच्या यंत्रांत तिची घडण नवी आहे, नावही यूईएफआय असं आहे. पण जुनं नाव तोंडात बसलं ते बसलंच.

पूर्वी ही चिप नुसती वाचता येई. पुढे पुसून पुन्हा लिहिता येणारी फ्लॅश चिप आली. त्यामुळे दुरुस्तीची सोय झाली, तसा धोकाही आला. २६ एप्रिल १९९९ रोजी सीआयएच नावाच्या व्हायरसने अनेक देशांतल्या संगणकांची ही चिपच बिघडवून टाकली होती. व्हायरसचं राहू द्या, बायोस बदलताना मध्येच वीज गेली तरी तीच गत होते. विंडोज बिघडली तर पुन्हा घालता येते. बायोस अर्धवट लिहिला गेला तर बटण दाबूनही पडदा काळाच.

तेव्हा, बदलायचाच कशाला? नवी आवृत्ती निघाली, एवढं कारण मला पुरेसं वाटत नाही. सुरक्षेतली उणीव बुजवायची असेल किंवा नवा प्रोसेसर ओळखला जात नसेल, तर मात्र बदलावा.

आपण म्हणाल, कंपनीच्या संकेतस्थळावर फाइल आहे, मग जुनी प्रत कशाला ठेवायची? कारण कंपनीची फाइल त्या जातीच्या सगळ्या यंत्रांसाठी एकच असते. आपल्या यंत्राचा अनुक्रमांक, नेटवर्कचा पत्ता, पुष्कळदा विंडोजचा परवाना, हे आपल्याच चिपमध्ये असतं. पेरणीआधी घरचं बी बाजूला काढतात, तसंच हे. काही मदरबोर्डांच्या बायोसमध्येच पेनड्राइव्हवर प्रत उतरवण्याची सोय असते. नसेल तर जाणकार कारागीर चिमटा लावून चिप वाचतो. त्याला दोनदा वाचायला सांगा. दोन्ही प्रती तंतोतंत जुळल्या तरच ती खरी. चिप ३.३ व्होल्टची की १.८ची, हेही त्याने आधी पाहावं, नाहीतर चिपच जळायची. ही प्रत त्याच संगणकात ठेवू नका. बायोसमधल्या मांडणीचे मोबाइलवर फोटो घ्या. बदलानंतर ती बहुधा मूळपदावर जाते. डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असेल, तर त्याची पुनर्प्राप्तीची किल्ली कागदावर उतरवून घ्या आणि ते कुलूप तात्पुरतं थांबवा.

मदरबोर्डचं मॉडेल आणि त्यावर छापलेला आवृत्तिक्रमांक, दोन्ही जुळणारीच फाइल घ्यावी. ती फॅट३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर ठेवून शक्यतो बायोसच्या पडद्यावरूनच चालवावी. संगणक यूपीएसवर असू द्या. त्याची बॅटरी दोन मिनिटांत मान टाकणारी नाही ना, हे आदल्या दिवशी पाहा. लॅपटॉप असेल तर बॅटरी भरलेली आणि चार्जर जोडलेला हवा. काम चालू असता यंत्र स्वतःहून दोन-तीनदा बंद होऊन सुरू होईल, पडदा काही वेळ काळा राहील. बटणाला हात लावू नका. उतावीळपणानेच इथे पुष्कळ यंत्रं जातात.

इतकं करूनही यंत्र उठलं नाही, तर काही मदरबोर्डांवर मागच्या बाजूला फ्लॅशबॅकचं बटण असतं; त्याने पेनड्राइव्हवरून बायोस पुन्हा भरता येतो. तेही नसेल, तर जपून ठेवलेली प्रत घेऊन कारागिराकडे जा. तीच तो चिमट्याने चिपमध्ये परत लिहील.